फाटके फोटो, फुटकी चित्रं आणि पाईपातलं पाणी : तुम्ही विचारलंत

मागच्या अंकात शेवटच्या पानावर दोन छोट्या टिपा दिल्या होत्या, एक फाटलेल्या-फुटलेल्या चित्रांचे तुकडे कॉम्प्युटर कसे जुळवतो त्यावर आणि दुसरी पाणी किंवा हवा वाहताना जो अडथळा होतो त्यावर. दोन्हींवर पत्रं, ईमेल भरपूर आले, त्यातही ठाणे आणि नवी मुंबईकडून इतके की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : 26 जुलै 2005 ला आमच्या तळमजल्याच्या घरात पाणी शिरलं तेव्हा अल्बम भिजले. आजी-आजोबांच्या लग्नातला ग्रुप फोटो पानाला चिकटला होता, तो सोडवताना त्याचे बरेच तुकडे झाले, ते पाकिटात जपून ठेवलेत. मुलगा म्हणतो, फोन पॅनोरमा जोडतो तसं एखादं अॅप हे पण जोडून देईल. खरंच होईल का?

उत्तर : ताई, पॅनोरमावालं अॅप इथे कामाचं नाही, आणि ते का नाही हे कळलं की बाकीचं सगळं सोपं होतं. पॅनोरमात दोन फोटोंमध्ये थोडा भाग सामाईक असतो, तीच खिडकी, तेच झाड दोन्हीकडे दिसतं, आणि फोन ती सारखी जागा शोधून फोटो एकमेकांवर बसवतो. फाटलेल्या तुकड्यांत सामाईक असं काहीच नसतं, एक जिथे संपतो तिथे दुसरा सुरू होतो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या हातात फक्त कडा उरते. मग तो दोन गोष्टी बघतो. कडेचा आकार, म्हणजे एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसतं का, आणि कडेवरचे रंग, म्हणजे इकडचा करडा तिकडे त्याच चढ-उताराने पुढे जातो का. नुसता रंग सारखा असून भागत नाही हं, रंग ज्या वेगाने बदलत होता तो वेगही जुळावा लागतो, नाहीतर भिंतीचा कुठलाही पांढरा तुकडा कुठल्याही पांढऱ्या धोतराला चिकटेल.

आता तुमच्या पाकिटातला एखादा तुकडा भिंगाखाली धरून बघा. फोटोचा कागद फाटतो तेव्हा तो सरळ उभा कापला जात नाही, वरचा चित्राचा थर एका रेषेत फाटतो आणि खालचा जाड कागद त्याच्या थोडा पुढे किंवा मागे. म्हणून एका तुकड्याला पांढरी केसाळ झालर दिसेल आणि त्याच्या शेजाऱ्याला ती दिसणार नाही, कारण त्याचा चित्राचा थर या झालरीवर येऊन बसायचा असतो. हाताने लावताना आपण हे नकळत करतो, प्रोग्रॅमला मात्र ती झालर चित्राचाच भाग वाटते, आणि तो म्हणतो इथे पांढरं आहे म्हणजे शेजारी पण पांढरंच हवं, आणि चुकतो.

तर करायचं असं. सेलोटेप अजिबात लावू नका, त्याचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि चित्राच्या थरात शिरतो. फ्लॅटबेड स्कॅनरवर, फोनवर नाही, कारण फोनमध्ये कडा किंचित वाकडी येते, 600 डीपीआयला (म्हणजे एका इंचात 600 ठिपके) सगळे तुकडे सुटेसुटे ठेवून स्कॅन करा आणि वरून निळा किंवा हिरवा कागद ठेवा, म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटोची कडा मागच्या रंगापासून लगेच वेगळी काढता येते. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का असेल, शाईने लिहिलेली नावं असतील, त्या अक्षरांवरून तुकडे चेहऱ्यांपेक्षा पटकन लागतात. मग गिंपसारख्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये एकेक तुकडा वेगळ्या लेयरवर घेऊन माऊसने सरकवा. पाकिटात मावतील एवढे तुकडे हाताने जुळवणं हे प्रोग्रॅम बसवत बसण्यापेक्षा कधीही लवकर होतं.

आणि एक कळकळीने सांगते. एआयवाली जी अॅप फाटका फोटो 'नवा' करून देतात ती हरवलेल्या जागी चेहरा शोधून आणत नाहीत, तयार करतात. आजीचं नाक त्या तुकड्याबरोबर गेलं असेल तर तिथे जे नाक येईल ते दुसऱ्याच कुणाच्यातरी फोटोंवरून शिकलेलं असेल, आणि वीस वर्षांनी नातवंडं तीच आजी समजतील. जागा रिकामी राहिली तर राहू द्या.

प्रश्न (ऐरोली, नवी मुंबई) : मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 'इमेज रिअसेम्ब्ली' (चित्राचे तुकडे कॉम्प्युटरने जुळवणं) घ्यायचा विचार आहे पण सर म्हणतात हे सगळं सॉल्व्ह झालंय, हजारो तुकड्यांची कोडी कॉम्प्युटर सोडवतो, नवीन काय करणार? तुमचं मत?

उत्तर : सर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. मुळात हे काम जुनं आहे, 1964 साली हर्बर्ट फ्रीमन आणि गार्डर यांनी 9 तुकड्यांचं कोडं कॉम्प्युटरकडून सोडवून घेतलं होतं, आणि तेही चित्राकडे न बघता नुसत्या आकारावरून. 9 म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण बघ, 9 चौकोनी तुकडे नुसते मांडायचे म्हटले तरी 3,62,880 प्रकारे मांडता येतात, आणि प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी फिरवता येत असेल तर हा आकडा साडेनऊ हजार कोटींच्या पुढे जातो. म्हणजे सगळं करून बघू हा मार्ग पहिल्याच पायरीवर बंद, आणि सगळ्या कोड्यांना लागू पडेल अशी झटपट खात्रीशीर पद्धत आजपर्यंत कुणालाही सापडलेली नाही. असते ती हुशारीने केलेली अटकळ.

चौकोनी तुकड्यांच्या बाबतीत ही अटकळ फार वेगाने सुधारली. 2010 ला 432 तुकडे, 2011 ला तीन हजारांच्या वर, 2013 ला जेनेटिक अल्गोरिदमने (चांगली उत्तरं निवडून, एकमेकांत मिसळून पिढ्यान्‌पिढ्या सुधारत नेणारी पद्धत) 22,834. यातली 2011 ची युक्ती मला फार आवडते. 'अ' ला सगळ्यांत जास्त जुळणारा शेजारी 'ब' असेल आणि 'ब' ला पण सगळ्यांत जास्त जुळणारा 'अ' च असेल तरच ती जोडी पक्की धरायची, त्याला ते लोक 'बेस्ट बडी' म्हणतात. एकतर्फी जुळण्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच, पण त्याने चुका धडाधड कमी झाल्या.

पण हे सगळं कशावर? एक डिजिटल फोटो घेतला, कॉम्प्युटरमध्येच त्याचे सारखे चौकोन केले आणि गोंधळ करून परत लावायला दिले. कडा ब्लेडने कापल्यासारखी, एकही तुकडा हरवलेला नाही, एकही झिजलेला नाही. खरी दुनिया अशी नसते मित्रा. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, स्टासीने, 1989-90 मध्ये कागद फाडून पोत्यांत भरले, अशी सुमारे 16 हजार पोती मिळाली. 2007 पासून बर्लिनच्या फ्राउनहोफर संस्थेने त्यासाठी खास प्रोग्रॅम करायला घेतला, आणि एवढं होऊनही बहुतेक पोती अजून जुळवायची राहिली आहेत, कारण हाताने फाडलेला तुकडा नीट सपाट करून दोन्ही बाजूंनी स्कॅन करणं हेच मुळात फार हळू चालतं. 2011 ला डार्पाने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, श्रेडरमधून काढलेली 5 कागदपत्रं, दहा हजारांच्या वर तुकडे, जुळवायची स्पर्धा ठेवली होती, 50 हजार डॉलरचं बक्षीस. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका छोट्या टीमने 33 दिवसांत ती जिंकली आणि तीही पूर्ण कॉम्प्युटरवर सोडून नाही, प्रोग्रॅम संभाव्य जोड्या सुचवायचा आणि माणूस हो-नाही म्हणायचा.

पुरातत्त्वात तर अजून अवघड. रोमचा संगमरवरावर कोरलेला तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा प्रचंड नकाशा आहे, 18 मीटर बाय 13 मीटरचा, त्याचे 1,186 तुकडे उरलेत आणि ते सगळे मिळून नकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा भरतो. म्हणजे बहुतेक तुकड्यांचा शेजारीच जगात नाही! स्टॅनफर्डच्या लोकांनी ते लेझरने स्कॅन केले, आणि जोड्या शोधायला कोरलेल्या रेषांबरोबर दगडाची जाडी, शिरांची दिशा, मागची बाजू गुळगुळीत की खडबडीत हे सगळं वापरलं. ग्रीसच्या अक्रोतिरीची साडेतीन हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं प्रिन्स्टनच्या टीमने 2008 च्या सुमाराला घेतली, तिथे तुकड्याच्या कडेची जाडीसुद्धा त्रिमितीय मोजली, कारण वरचा रंग झिजतो पण आतल्या गिलाव्याची तुटलेली भिंत बरीच शाबूत राहते. इटलीतल्या पॉम्पेईच्या भित्तिचित्रांसाठी युरोपात 2021 पासून रिपेअर नावाचा प्रकल्प झाला त्यात तर रोबोटचे हात पण घेतले.

तर सरांना हे सांग. चौकोनी कोडं घेऊ नकोस. चित्रं घे, वेडीवाकडी तोड, प्रत्येक तुकड्याची कडा मुद्दाम काही पिक्सेल झिजव, काही तुकडे काढून टाक, आणि मग मोज की झीज किती वाढली की तुझी पद्धत कोसळते. 'किती तुकडे लावले' यापेक्षा 'चुकीच्या जोड्या किती पक्क्या मानल्या' हा आकडा पुढे ठेव, कारण संग्रहालयातल्या माणसाला चुकीची जोडी ही न लावलेल्या तुकड्यापेक्षा जास्त महागात पडते. या विषयात भरपूर काम शिल्लक आहे.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : आमची सोसायटी सात मजल्यांची, पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. सातव्या मजल्यावर शॉवरला धार नाही, खाली तिसऱ्यावर मात्र जोरात. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाईप आहेत. एक प्लंबर म्हणतो मोठा पंप लावा, दुसरा म्हणतो पाईप बदला. मी कमिटीत आहे, मीटिंगमध्ये रोज वाद. शास्त्र काय सांगतं?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे पण दोन वेगवेगळ्या दुखण्यांसाठी, ती आधी वेगळी करा. पहिलं दुखणं उंचीचं. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा जितकी वर तितका दाब, 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे दाब मोजायचं एकक). सातव्या मजल्याचा शॉवर टाकीच्या जेमतेम 3-4 मीटर खाली असेल, म्हणजे सुरुवातीलाच दाब 0.3-0.4 बार, तिसऱ्या मजल्याला त्यावर अजून चार मजल्यांचा मिळतो. हे पाईप बदलून बदलणार नाही. दुसरं दुखणं घर्षणाचं, जे थोडकं मिळालंय ते वाटेत खर्च होतं, आणि हे पाईपवर अवलंबून आहे.

हे घर्षण किती असतं त्याचं गणित व्हाइसबाख आणि डार्सी यांनी एकोणिसाव्या शतकात बसवलं, आजही सगळे इंजिनीअर तेच वापरतात. पाणी जोरात वाहत असेल तर वेग दुप्पट केला की दाबाचं नुकसान जवळजवळ चौपट होतं. आणि व्यासाचा हिशोब तर याहून कडक, तेवढंच पाणी एक इंचीऐवजी अर्ध्या इंचीतून न्यायचं म्हटलं तर नुकसान सुमारे तीस पट. तीस! म्हणून मी नेहमी सांगते, व्यासात कंजूषी करू नका. जुन्या जीआय पाईपचा तुकडा कापलात तर आत तपकिरी गाठी दिसतील, गंजाच्या आणि क्षारांच्या, कधी कधी इतक्या की मधे बोट जेमतेम जातं. बाहेरून एक इंच लिहिलंय पण पाण्याला तो अर्धा-पाऊण इंचच मिळतोय, शिवाय खडबडीत. निकुराड्से नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाईपांना आतून वाळूचे मोजून घेतलेले कण चिकटवून 1933 ला दाखवलं की पाणी खळबळून वाहत असेल तर खडबडीतपणा जसा वाढतो तसा अडथळा वाढतो.

तेव्हा आधी सातव्या मजल्यावर येणाऱ्या लाईनचा टाकीजवळचा तुकडा उघडून बघा. गाठी असतील तर ती वरची आडवी लाईन आणि पहिला उतार सीपीव्हीसीचा (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकचा) करा, एक साइज मोठा घ्या, एल्बो (काटकोनी वळणाचे जोड) जितके कमी करता येतील तितके करा. त्यानंतरही धार कमी वाटली तर फक्त वरच्या दोन मजल्यांसाठी छोटा प्रेशर पंप. गंजलेल्या लाईनवर मोठा पंप लावायचा म्हणजे त्याच पाईपातून दुप्पट पाणी ढकलायला सुमारे आठपट वीज, कारण दाब चौपट आणि पाणी दुप्पट, आणि जुने जोड फुटण्याची भीती वेगळी. मीटिंगमध्ये हा आठपटीचा आकडा सांगा.

प्रश्न (खारघर, नवी मुंबई) : आमच्याकडच्या गोल्फ कोर्सवर बाबा घेऊन गेले होते. गोल्फच्या बॉलला एवढे खड्डे का? गुळगुळीत असता तर हवेतून सुळकन गेला असता ना? (इयत्ता आठवी)

उत्तर : सगळ्यांना आधी असंच वाटतं, पूर्वी हे बॉल गुळगुळीतच करायचे, पण खेळून खेळून ओरखडे पडलेले बॉल जास्त लांब जातात हे खेळाडूंच्या लक्षात आलं. कारण असं, बॉलला अगदी चिकटून असलेली हवा बॉलबरोबरच असते, हलत नाही. घरचा पंखा बंद केल्यावर पातीवर धूळ दिसते ना, एवढा गरगर फिरूनही ती उडालेली नसते, कारण पातीला लागून वारा नसतोच. या पातळ थराची गोष्ट लुडविग प्रांट्ल यांनी 1904 ला सांगितली. गुळगुळीत बॉलवरून हा थर अर्ध्या वाटेतच सुटतो आणि मागे मोठी भोवऱ्यांची पोकळी तयार होते, तिथे दाब कमी, ती बॉलला मागे ओढते. खड्ड्यांमुळे थरात खळबळ होते, बाहेरची वेगवान हवा आत मिसळते, थर बॉलला जास्त वेळ धरून राहतो आणि मागची पोकळी लहान होते. ओढ जवळपास निम्मी! प्रांट्लनी 1914 मध्ये गुळगुळीत गोळ्याला नुसती एक बारीक तार गुंडाळून हे दाखवलं होतं. पण हे ठरावीक वेगाच्या पुढेच होतं, हळू टाकलेल्या बॉलला खड्ड्यांचा काही उपयोग नाही.

प्रश्न (वाशी) : तुकडे जुळवणं आणि पाण्याचा अडथळा, दोन्ही टिपा एकाच पानावर का दिल्यात? संबंध काय? आणि पाईपाचं गणित दीडशे वर्षं माहीत आहे तर कॉम्प्युटर कशाला?

उत्तर : दुसरं आधी घेते. डार्सीचं गणित मोजून काढलेलं आहे, आत नेमकं काय चाललंय ते त्यात नाही. ते ज्यात आहे ती समीकरणं नाविये यांनी 1822 ला आणि स्टोक्स यांनी 1845 ला दिली, पण खळबळणाऱ्या पाण्यासाठी ती कागदावर सुटत नाहीत. रेनॉल्ड्स यांनी 1883 ला मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की वेग वाढला की सरळ रेघ अचानक विस्कटते, वेग गुणिले व्यास भागिले चिकटपणा असा त्यांचा आकडा दोन-सव्वादोन हजारांच्या आसपास गेला की हे होतं. किम, मॉइन आणि मोझर यांनी 1987 मध्ये अशा खळबळत्या प्रवाहातला प्रत्येक लहान-मोठा भोवरा कॉम्प्युटरवर पहिल्यांदा नीट सोडवला, त्यासाठी सुमारे 40 लाख बिंदू लागले. एक इंची पाईपात पाणी सेकंदाला 1 मीटर चाललं तर रेनॉल्ड्सचा आकडा 25 हजार होतो, किम, मॉइन आणि मोझर यांच्या प्रवाहाचा याच्या पाव हिश्श्याहूनही कमी होता! आणि हा आकडा दहापट झाला की कॉम्प्युटरचं काम हजारपट होतं. त्यातले सगळ्यांत बारीक बिंदू कुठे लागतात? भिंतीला चिकटून, त्या पातळ थरात, कारण अडथळा तिथेच ठरतो.

आणि हाच मला दिसणारा संबंध. तुकड्याच्या मधल्या भागाला फार काही विचारावं लागत नाही, पाईपाच्या मधल्या पाण्यालाही नाही, निकाल कडेवर लागतो, आणि कॉम्प्युटरची खरी मेहनतही तिथेच जाते.

शिवाय दोन्ही कामं एकमेकांच्या पद्धती उचलतात. पाण्याचा वेग मोजायला त्यात बारीक कण सोडून लेझरच्या उजेडात लागोपाठ दोन फोटो काढतात, पहिल्या फोटोचे छोटे छोटे चौकोन करतात, समजा 32 बाय 32 पिक्सेलचे, आणि प्रत्येक चौकोन दुसऱ्या फोटोत कुठे सगळ्यांत छान बसतो ते शोधतात. जेवढा सरकला तेवढा वेग. म्हणजे चित्राचे तुकडे जुळवूनच प्रवाह मोजला! उलटीकडून, 2001 मध्ये बेर्टाल्मियो, बर्टोझी आणि सापिरो यांनी दाखवलं की चित्रातली भेग भरायला नाविये-स्टोक्सचीच समीकरणं चालतात. चित्रात एकसारख्या उजळपणाच्या रेषा म्हणजे प्रवाहाच्या रेषा असं धरायचं आणि भेगेच्या दोन्ही काठांवरून त्या आत वाहू द्यायच्या, काठावर दिशा जी असेल ती पुढे चालू राहते. ओपनसीव्ही नावाच्या फुकट लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमच्या संग्रहात) ही पद्धत तयार मिळते. बारीक चिरेला सुंदर चालते, रुंद खड्ड्याला नाही, तिथे नुसता धूसर डाग येतो. मला तो धूसर डागच प्रामाणिक वाटतो. इटलीतल्या पादुआ शहरातलं ओवेतारी चॅपल (चर्चमधलं छोटं प्रार्थनागृह) 11 मार्च 1944 ला बॉम्बने उडालं, तिथल्या मांतेन्या या चित्रकाराच्या भित्तिचित्रांचे 80 हजारांहून जास्त तुकडे उरले, त्यातले तुकडे युद्धाआधीच्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोंशी कॉम्प्युटरने ताडून जागेवर बसवले, आणि जिथे तुकडा नाही तिथे तो फोटोच करडा ठेवला. बघणाऱ्याला कळतं, मूळ कुठलं आणि भरलेलं कुठलं.

प्रश्न (सीबीडी बेलापूर) : मी नववीला विज्ञान शिकवते. यातलं काही वर्गात खर्च न करता करता येईल का?

उत्तर : हो, दोन्ही. नळ अगदी हळू उघडा, धार काचेसारखी स्वच्छ आणि स्थिर पडते, मागचं बोटसुद्धा दिसतं. हळूहळू उघडत जा, एका जागी ती एकदम खरखरीत होते, ती जागा मुलांना शोधायला लावा. फक्त नळाच्या तोंडाची जाळी आधी काढा, ती असेल तर काही दिसणार नाही, आणि खाली बादली ठेवा, ते पाणी बागेला जाईल. दुसऱ्यासाठी मासिकातलं एकाच बाजूला छापलेलं रंगीत चित्र हाताने फाडून साधारण वीस तुकडे करा. एका गटाला ते चित्र वर करून जुळवायला द्या, दुसऱ्याला तसंच दुसरं चित्र पालथं करून, म्हणजे फक्त आकारावरून, फ्रीमन यांच्या प्रोग्रॅमला मिळालं होतं तसं. घड्याळ लावा. मग दोन्ही गटांच्या पाकिटातून गुपचूप चार-पाच तुकडे काढून परत करायला सांगा, आणि कुणी कुठला तुकडा चुकीच्या जागी पक्का मानला तो फळ्यावर लिहा. त्यावर मुलांशी जी चर्चा होईल ती आम्हाला जरूर लिहून पाठवा.